विहीर शिवारात आली, कासरा कुणाच्या हाती?

आमच्या बेळगाव जिल्ह्यात नोव्हेंबर उजाडला की निपाणी-चिकोडी रस्त्यावर रात्रीची मोटारसायकल चालवायची म्हणजे जीव मुठीत धरायचा. पुढे ट्रॅक्टर, त्याला दोन ट्रॉल्या, ट्रॉलीच्या बाहेर हातभर लोंबणारा ऊस, मागे दिव्याचा पत्ता नाही. परवा अशाच एका ट्रॅक्टरमागून अर्धा तास सरपटत होतो. सायलेन्सरचा धूर नाकातोंडात जात होता. माझ्या टाकीत ई-२० पेट्रोल होतं, म्हणजे पाचवा हिस्सा इथेनॉल, कदाचित आमच्याच तालुक्यातल्या उसाचं. आणि तो ऊस कारखान्याच्या गव्हाणीकडे ओढून नेणारं डिझेल मात्र इराकच्या, नाहीतर रशियाच्या विहिरीतून जहाजानं आलेल्या तेलाचं. त्या अर्ध्या तासात जे मनात घोळत होतं, ते मांडायला हा लेख लिहितो आहे.

आमच्याकडे सध्या एक गोष्ट सर्रास ऐकू येते, की तेलाची गुलामी संपत आली. अन्नदात्यानं आता ऊर्जादाता व्हावं, असं नितीन गडकरी कित्येक वर्षं सांगत आले आहेत आणि ऊस पिकवणाऱ्या माणसाला ते ऐकून बरं वाटतं. मलाही वाटलं होतं. माझ्या घरी दीड एकर खोडवा आणि पाऊण एकर आडसाली ऊस आहे, तेव्हा बांधावर उभं राहून दुसऱ्याला शहाणपण शिकवण्याचा हा प्रकार नव्हे. परदेशी तेलावर जगणं हे देशाच्या सुरक्षेवरचं मोठं संकट आहे, यात मला तीळमात्र शंका नाही. पण विहीर कुठे आहे यापेक्षा मोटेचा कासरा कुणाच्या हातात आहे, यावर ते संकट जास्त अवलंबून असतं. आखातातली विहीर उचलून आपल्या शिवारात आणली आणि कासरा पुन्हा मूठभरांच्याच हाती दिला, तर पाणी शेंदणारे बैल तेवढे बदलतील.

आधी सुरक्षेचं बोलू, कारण बेळगावात हा शब्द पुस्तकातला नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र इथे आहे, सांबऱ्याला हवाई दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे. आमच्या भागात गल्लीला एखादं तरी घर असं असतं की ज्याच्या दारावर पोराच्या पलटणीचं नाव लिहिलेलं आहे. त्या पोराचा ट्रक, त्याला रसद पोचवणारं हेलिकॉप्टर, बर्फातल्या चौकीतली शेगडी, सगळं तेलावर. आणि हा देश आपल्याला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी २०२३-२४ साली जवळजवळ ८८ टक्के बाहेरून आणत होता. मार्च २०१५ मध्ये पंतप्रधानांनी हे परावलंबन २०२२ पर्यंत दहा टक्क्यांनी खाली आणण्याचं उद्दिष्ट ठेवलं होतं. त्या वेळी आकडा होता ७७-७८ च्या घरात. तो उतरला तर नाहीच, दहाने चढला. आपली खपत वाढत गेली आणि देशातल्या विहिरींचं उत्पादन घटत गेलं.

याचा अर्थ काय होतो, हे १९९१ साली कळलं. ऑगस्ट १९९० मध्ये इराकनं कुवेत गिळलं, तेल भडकलं, आखातात गेलेल्या माणसांकडून येणारा पैसा आटला. तिजोरी आधीच पोखरलेली होती. पुढच्या जुलैपर्यंत रिझर्व्ह बँकेला सुमारे ४७ टन सोनं बँक ऑफ इंग्लंडकडे तारण ठेवावं लागलं. घरात बाईचं डोरलं सावकाराकडे गेलं की त्या घराची गावात काय पत राहते, हे खेड्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. मी तेव्हा सहावीत होतो. सकाळी रॉकेलच्या रांगेत डबा ठेवायचा, शाळेची घंटा झाली की पळायचं आणि मधल्या सुट्टीत येऊन डबा पुढे सरकला का ते बघायचं. कुवेत कुठे आहे हे मला नकाशात दाखवता आलं नसतं, पण त्या डब्याला ते ठाऊक होतं.

त्यानंतर चौतीस वर्षांनी, जून २०२५ मध्ये, इस्रायल आणि इराण बारा दिवस लढले. होर्मुझची सामुद्रधुनी बंद करण्याचा ठराव इराणच्या संसदेत झाला. जगात वापरल्या जाणाऱ्या तेलाचा सुमारे पाचवा हिस्सा त्या चिंचोळ्या पाण्यातून जातो. सामुद्रधुनी तेव्हा बंद झाली नाही, म्हणून आपण विसरलो. पण घराघरात पोचलेल्या गॅसचा विचार करा. आपल्या एलपीजीपैकी निम्म्याहून अधिक बाहेरून येतो आणि त्यातला बहुतेक आखातातून. चूल मोडून शेगडी मांडलेल्या माझ्या बहिणीचं स्वयंपाकघर आज होर्मुझला बांधलेलं आहे. चूल मोडली हे उत्तमच झालं, तिचे डोळे वाचले. फक्त त्या बांधलेल्या दोरीची आठवण कुणी ठेवत नाही.

मग संकटासाठी साठा किती? सरकारनं डोंगराच्या पोटात गुहा खोदून तेल साठवलं आहे. तीन ठिकाणं आहेत आणि त्यातली दोन आपल्या कर्नाटकात: मंगळूर १५ लाख टन, उडुपीजवळचं पादूर २५ लाख टन. तिसरं विशाखापट्टणम, १३.३ लाख टन. तिन्ही काठोकाठ भरल्या तरी देशाची गरज साडेनऊ दिवस भागेल. तेल कंपन्यांच्या टाक्या धरल्या तर सत्तर-पंचाहत्तर दिवस. २०२० च्या एप्रिल-मे महिन्यांत तेल मातीमोल झालं तेव्हा या गुहा भरून घेतल्या, ते शहाणपणाचं काम होतं. पण साठा म्हणजे सुगीत भरलेली कणगी. ती वर्ष काढून देत नाही, पेरणीपर्यंत तग धरू देते.

परावलंबनाची आणखी एक किंमत २०२५ च्या ऑगस्टमध्ये दिसली. युक्रेनवरच्या हल्ल्याआधी आपण रशियाकडून दोन टक्केही तेल घेत नव्हतो, नंतर ते तिसऱ्या हिश्श्याच्या वर गेलं. स्वस्त मिळालं, घेतलं, त्यात गैर काही नव्हतं. पण त्यावरून अमेरिकेनं भारतीय मालावर २५ टक्के जादा कर लादला, एकूण ५० टक्के झाला. तेल कुणाकडून घ्यायचं याचा निर्णय आपण दिल्लीत घेतो आणि त्याची चिंता उद्यमबागेत, हत्तरगीत, इचलकरंजीत, निर्यातीवर जगणाऱ्या माणसाच्या घरी जाऊन बसते. ज्याच्याकडे तेल नाही त्याला परराष्ट्र धोरणही पूर्ण स्वतःचं ठेवता येत नाही.

आमच्या नदीकाठाला तेलाची सवय लागली ती काही मोटारींमुळे नाही. मोट गेली आणि इंजिन आलं, तिथून सुरुवात झाली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली सायकलचं दुकान काढलं ते बेळगावात. लोखंडी नांगर इथेच घडला आणि १९१० मध्ये ते कुंडलच्या माळावर गेले. पुढे किर्लोस्करांचं डिझेल इंजिन दूधगंगा-वेदगंगेच्या काठावर धडधडू लागलं. आमचे आजोबा त्याला ‘तेलाचं इंजिन’ म्हणायचे आणि बैलासारखं जपायचे. त्या इंजिनानं शेतीत पाणी आलं, पाण्यानं ऊस आला, उसानं कारखाने आले आणि कारखान्यांनी आमदार आणले. तेल आणि सत्ता यांचं नातं आम्ही दूरच्या वाळवंटात नाही, काठावर बसून पाहिलं आहे.

हे नातं कसं वागतं, याचे दाखले जगात खूप आहेत. इराणच्या मोसद्देक यांनी १९५१ साली आपलं तेल इंग्रज कंपनीकडून काढून देशाच्या नावावर केलं आणि १९५३ मध्ये इंग्लंड-अमेरिकेच्या हेरखात्यांनी त्यांचं सरकार पाडलं. पण मराठी माणसाला इतकं लांब जायची गरज नाही. आपल्याकडे दाभोळ झालं.

एन्रॉनची गोष्ट आता नव्या पिढीला ठाऊक नसते, म्हणून थोडी सविस्तर सांगतो. जून १९९२ मध्ये महाराष्ट्र राज्य वीज मंडळ आणि एन्रॉन ही अमेरिकी कंपनी यांच्यात दाभोळच्या वीज प्रकल्पासाठी सामंजस्य करार झाला. स्पर्धात्मक निविदा नव्हत्या. १९९३ मध्ये जागतिक बँकेनं प्रकल्प परवडणारा नाही असं कळवलं, तरी डिसेंबरात वीजखरेदीचा करार झाला. वीज घ्या किंवा नका घेऊ, स्थिर आकार मंडळानं भरायचाच, तोही डॉलरच्या भावाला बांधलेला. इंधन म्हणजे आधी नाफ्था आणि मग बाहेरून आणायचा द्रवरूप वायू. भारतीयांना ‘शिक्षित’ करण्यासाठी दोन कोटी डॉलर खर्च केल्याचं कंपनीच्या अधिकाऱ्यांनी अमेरिकी संसदेच्या समितीपुढे सांगितलं. विरोधात असताना ज्यांनी हा प्रकल्प अरबी समुद्रात बुडवण्याची भाषा केली, त्यांनी सत्तेवर येताच ऑगस्ट १९९५ मध्ये तो रद्द केला आणि काही महिन्यांतच नव्या अटींवर, आणखी मोठा करून, परत आणला. पुढच्या मे महिन्यात दिल्लीतल्या तेरा दिवसांच्या सरकारनं जाता जाता त्याला केंद्राची हमी दिली. मध्ये वेलदूर, अंजनवेलच्या बायकांनी लाठ्या खाल्ल्या. २००१ साली वीज मंडळाला ती वीज परवडेना, खरेदी थांबली आणि त्याच डिसेंबरात अमेरिकेतली मूळ कंपनीच बुडाली. नुकसान कुणी सोसलं? वीज मंडळानं, म्हणजे बिल भरणाऱ्यानं.

मला यातली सगळ्यात शिकवणारी गोष्ट वाटते ती ही, की सत्तेवरचे आणि विरोधातले दोघेही आळीपाळीनं त्या एकाच टेबलावर जाऊन बसले. उर्जेचा धंदा पक्ष बघत नाही. तो खुर्ची बघतो. आणि ज्या दाभोळला हे घडलं, तिथूनच निघालेली बेंगळूरची वायुवाहिनी २०१३ पासून आमच्या बेळगाव जिल्ह्यातून जाते. वाहिनीत वाईट काही नाही. तिच्या खुणेचे पिवळे दगड शेताच्या कडेला दिसले की मला मात्र वेलदूरच्या बायका आठवतात.

राज्यकर्त्यांना तेल दोन बाजूंनी लागतं. एक म्हणजे कर. पेट्रोल-डिझेल अजून जीएसटीबाहेर आहे, कारण केंद्र असो की राज्य, कुणालाच ही दुभती गाय दुसऱ्याच्या गोठ्यात बांधायची नाही. आमच्या भागात तर हे रोज डोळ्यांना दिसतं. कोल्हापूर पासिंगच्या गाड्या कागल ओलांडून कोगनोळी-निपाणीच्या पंपांवर रांग लावतात, कारण सीमेच्या इकडच्या बाजूला दर कमी. जून २०२४ मध्ये कर्नाटकानं पेट्रोल-डिझेलवर तीन-तीन रुपयांनी कर वाढवला, एप्रिल २०२५ मध्ये डिझेलवर आणखी दोन रुपयांनी, की लगेच पंपवाल्यांचे चेहरे उतरले. सीमा कुठे असावी यावर दोन राज्यं सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून भांडत आहेत, पण या करावर जगण्याच्या बाबतीत दोघांचं एकमत आहे. ज्या सरकारचा पगार इंधनाच्या खपातून निघतो, ते सरकार खप कमी व्हावा म्हणून मनापासून कसं झटेल?

दुसरी बाजू मतांची. पेट्रोलचा दर १६ जून २०१७ पासून रोज बदलायला लागला. बाजार ठरवेल, सरकारचा हात नाही, असं सांगितलं गेलं. मग कर्नाटक विधानसभेची निवडणूक आली. १२ मे २०१८ ला मतदान. त्याच्या आधी एकोणीस दिवस दर हलला नाही, कच्चं तेल चढत असतानाही. मतदान झालं आणि १४ तारखेपासून रोज वाढू लागला. हा हिशेब आम्ही आमच्याच पंपावर बघितला. बाजाराचा कासरा हातात नाही म्हणणाऱ्यांनी तो एकोणीस दिवस घट्ट धरून ठेवला होता.

आणि पैशाची तिसरी वाटही आहेच. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निवडणूक रोखे घटनाबाह्य ठरवले, तेव्हा बाहेर आलेल्या याद्यांत खाणी, तेल, वीज आणि पायाभूत कामांतल्या कंपन्या वरच्या ओळींत होत्या. त्यावर खूप लिहून झालं आहे, मी पुन्हा उगाळत नाही.

आता इथेनॉलकडे येतो, कारण माझा खरा मुद्दा इथे आहे.

पेट्रोलमध्ये पाच टक्के इथेनॉल मिसळायला सुरुवात झाली ती २००३ मध्ये, काही राज्यांत. गाडी खूप वर्षं तिथेच अडली होती. २०१८ च्या जैवइंधन धोरणानंतर ती सुटली. मिश्रणासाठीच्या इथेनॉलवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला, डिस्टिलरी उभारायला व्याजात सवलत मिळाली, तेल कंपन्यांची खरेदी पक्की झाली. जून २०२२ मध्ये दहा टक्के गाठले, २०२५ मध्ये वीस. ई-२० पेट्रोलची सुरुवात फेब्रुवारी २०२३ मध्ये बेंगळूरमधूनच झाली. एवढ्या वेगानं सरकारी उद्दिष्ट गाठलेलं आपण क्वचित पाहिलं आहे. परकीय चलनाचे लाख कोटींहून अधिक रुपये वाचले, असं सरकार सांगतं, आणि कारखान्याच्या हातात वेळेवर पैसा खेळू लागल्यानं उसाची थकबाकी पूर्वीइतकी लांबत नाही, हेही खरं आहे. २०१४-१५ च्या सुमारास आमच्या घरचं बिल चौदा महिने अडकलं होतं, त्या वर्षी बहिणीचं लग्न पुढे ढकललं. ते दिवस परत यावेत असं मी कधीच म्हणणार नाही.

पण देशाची सुरक्षा किती वाढली? २०२३-२४ मध्ये देशात डिझेल लागलं सुमारे नऊ कोटी टन, पेट्रोल पावणेचार कोटी. इथेनॉल मिसळतो ते फक्त पेट्रोलमध्ये. त्यात इथेनॉलची उष्णता पेट्रोलपेक्षा तिसऱ्या हिश्श्यानं कमी, म्हणून एक लिटर इथेनॉल एक लिटर पेट्रोलची जागा भरून काढत नाही. जुन्या धाटणीच्या चारचाकीचं मायलेज सहा-सात टक्के आणि दुचाकीचं तीन-चार टक्के घटेल, असं नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच लिहिलेलं होतं. देशाचा ट्रक, ट्रॅक्टर, बस आणि लष्करी गाडी ज्या डिझेलवर चालते, त्याला या सगळ्या खटाटोपानं हातसुद्धा लागला नाही. म्हणून आयातीचा आकडा खाली येत नाही. उपाय वाईट नाही, लहान आहे. आणि लहान उपायाला मोठ्या उपायाचं पागोटं बांधलं की खरा मोठा उपाय करायचा राहून जातो.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे या धंद्याची घडण. बेळगाव जिल्ह्यात वीसहून अधिक साखर कारखाने आहेत. राज्यात दुसरा जिल्हा नाही जिथे ऊस आणि राजकारण इतकं एका दोरीत वळलेलं आहे. कारखान्यांची संचालक मंडळं आणि विधानसभेच्या उमेदवारांच्या याद्या शेजारी ठेवून वाचा, घराणी तीच भेटतील, मग पक्ष कुठलाही असो. पूर्वी त्यांच्या हातात साखर होती. आता इंधन आलं. साखर खाणं माणूस एकवेळ कमी करेल, इंधन टाळता येत नाही. पंपावर ई-२० शिवाय दुसरं पेट्रोल मागायचा अधिकार ग्राहकाला नाही. त्याविरुद्धची याचिका सर्वोच्च न्यायालयानं १ सप्टेंबर २०२५ ला फेटाळली. ज्या मालाला सक्तीचं गिऱ्हाईक आहे, सरकारनं बांधलेला दर आहे आणि व्याजाची सवलत आहे, तो माल बनवणाऱ्याची राजकीय ताकद वाढत जाणार, हे ओळखायला अर्थशास्त्र शिकावं लागत नाही.

मग यातला उसाच्या मालकाचा वाटा किती? हिशेब सोपा करून सांगतो. एक टन उसाच्या रसापासून थेट इथेनॉल केलं तर साधारण ७० लिटर निघतं. रसाच्या इथेनॉलचा दर २०२४-२५ मध्ये लिटरला ६५ रुपये ६१ पैसे होता. म्हणजे टनाला ४,६०० रुपयांच्या आसपास, बगॅसची, म्हणजे पिळून उरलेल्या चोथ्याची, वीज वेगळी. यातून कारखान्याचा खर्च, व्याज, पगार वजा होतो, हे मान्य. पण आमची एफआरपी, म्हणजे कारखान्यानं उसाला द्यायचाच असा सरकारी किमान दर, ठरते ती साखरेच्या उताऱ्यावर, म्हणजे उसातून किती टक्के साखर निघते त्यावर. २०२५-२६ साठी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये, आणि त्यातून तोडणी-वाहतूक कापून घेणार. इथेनॉलमधून काय मिळालं, त्यातलं आम्हाला किती, याचा रकाना उसाच्या पावतीवर नसतो. साखर धंद्यासाठी केंद्रानं नेमलेल्या रंगराजन समितीनं २०१२ मध्येच सांगितलं होतं की साखर आणि मुख्य उपपदार्थांच्या विक्रीतला ७० टक्के वाटा शेतकऱ्याचा. त्या वेळी उपपदार्थ म्हणजे मळी आणि बगॅस. आता मुख्य पदार्थ कुठला आणि उपपदार्थ कुठला, हेच बदललं आहे. सूत्र मात्र उताऱ्यालाच चिकटून बसलं आहे.

ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस मुडलगी तालुक्यातल्या गुर्लापूर क्रॉसवर शेतकरी रस्त्यावर बसले. टनाला ३,५०० मागत होते. आठवडाभरानं ३,३०० वर तडजोड झाली, त्यातले पन्नास रुपये सरकारनं घातले. तो भाग कन्नड, घोषणा कन्नडमध्ये, पण मागणी शब्दाशब्दाला आमचीच होती. निपाणी-कागवाडचा मराठी शेतकरी आणि मुडलगी-गोकाकचा कन्नड शेतकरी एकाच वजनकाट्यावर उभे असतात आणि काट्याबद्दलची दोघांची शंकाही एकच असते. भाषेच्या प्रश्नावर मी माझ्या माणसांबरोबर आहे आणि राहीन. पण काट्यावरच्या या सोयरिकीकडे डोळेझाक केली तर नुकसान आमचंच होईल, असं मला मनापासून वाटतं.

स्वदेशी इंधन म्हणजे सुरक्षित इंधन, हेही २०२३ साली पाऊस कमी झाला तेव्हा तपासून झालं. साखर कमी पडेल या भीतीनं केंद्रानं ७ डिसेंबरला उसाच्या रसापासून इथेनॉल करायला मनाई केली, आठवड्यानं १७ लाख टन साखरेच्या मर्यादेत पुन्हा परवानगी दिली. डिस्टिलरीसाठी कर्ज काढलेल्यांची झोप उडाली. म्हणजे हे इंधन होर्मुझवर अवलंबून नाही, मृगावर अवलंबून आहे. आणि नदीवर. एक लिटर उसाचं इथेनॉल म्हणजे २,८६० लिटर पाणी, हा नीती आयोगाच्या त्याच अहवालातला आकडा. मे २०१९ मध्ये चिकोडी-अथणीकडची कृष्णा कोरडी पडली होती. पात्रात पोरं क्रिकेट खेळत होती आणि कर्नाटक सरकार कोयनेचं पाणी सोडा म्हणून महाराष्ट्राची विनवणी करत होतं. तीन महिन्यांनी त्याच नदीनं महापूर आणला, कल्लोळ-यडूरचा बंधारा दिसेनासा झाला, उभा ऊस पाण्याखाली कुजला. हे पाणी आपल्याला शेजारच्या राज्याकडे मागावं लागतं. तेलासाठी आखातापुढे हात पसरायचा नाही म्हणून पाण्यासाठी कोयनेपुढे पसरायचा, असा हा व्यवहार होतो.

कुणी विचारेल, मग ऊस मोडायचा का? मोडू नका. मळीपासून इथेनॉल करायला माझा विरोध नाही. ती साखर काढून उरतेच, तिचं सोनं होत असेल तर करावं. थेट रसाचं इथेनॉल मात्र नदीचं पाणी मोजून ठरवावं, आणि ज्या उसाला ठिबक आहे त्याला दर दोन पैसे जास्त द्यावा. सरकारला सुरक्षा खरोखर हवी असेल तर हात डिझेलला घालावा लागेल. २०२३ मध्ये लोंढा-बेळगाव-घटप्रभा मार्गाचं दुहेरीकरण झालं, त्याचा उपयोग मालाची वाहतूक रस्त्यावरून रुळावर आणण्यासाठी किती झाला, हे कुठल्या खासदारानं सांगितलेलं मी ऐकलं नाही. सीमाभागात जरा तणाव झाला की दोन्ही राज्यं पहिल्यांदा एसटी बंद करतात, आणि निपाणीहून कोल्हापूरला कामाला जाणारी शेकडो माणसं दुसऱ्या दिवशी मोटारसायकलीला किक मारतात. चालू असलेली बस हे इंधन वाचवण्याचं सर्वांत स्वस्त साधन आहे, ते आपण हट्टापायी गमावतो. आणि ऊस? जवळचा कारखाना सोडून चाळीस-पन्नास किलोमीटरवरच्या कारखान्याला जातो, सीमा ओलांडून जातो, इकडून तिकडे आणि तिकडून इकडे. २०२३ मध्ये महाराष्ट्रानं बाहेर ऊस पाठवायला बंदी घातली आणि विरोध होताच मागे घेतली. मागे घेतली ते बरोबरच. शेतकऱ्याला जिथे दर मिळेल तिथे ऊस घालायची मोकळीक असायलाच हवी. पण जवळच्या कारखान्यानं दर आणि वजन सरळ दिलं तर कुणाला हौस आहे आपला ऊस पन्नास किलोमीटर डिझेल जाळत पाठवायची? पारदर्शक वजनकाटा ही सुद्धा तेल वाचवण्याची योजनाच आहे.

हे सगळं वरून कुणी करून देणार नाही. १९८१ साली निपाणीच्या तंबाखूचा दर मूठभर व्यापारी ठरवत होते. शरद जोशींच्या हाकेला तंबाखूवाले शेतकरी पुणे-बेंगळूर रस्त्यावर बसले, आणि ६ एप्रिलला झालेल्या पोलीस गोळीबारात माणसं गेली. आमच्या घरातले दोन जण त्या रस्त्यावर होते. वडील सांगायचे की तोवर त्यांना तंबाखूला किती पैसे मिळतात एवढंच ठाऊक होतं, व्यापारी ती पुढे कितीला विकतो हे पहिल्यांदा तिथे बसून कळलं.

इथेनॉलचं आज नेमकं तेच आहे. गेल्या वर्षी एका कारखान्याच्या वार्षिक सभेत माझ्या चुलतभावानं उभं राहून विचारलं, की डिस्टिलरीतून किती लिटर विकलं, कुठल्या दरानं, आणि सभासदाच्या टनामागे त्यातलं किती आलं. व्यासपीठावरून उत्तर आलं, की अहवालात सगळं आहे, वाचून घ्या. मग ‘मंजूर, मंजूर’ झालं आणि जेवणाच्या पंगती बसल्या. आम्ही घरी येऊन अहवाल वाचला. इथेनॉल, वीज, खत, भंगार, सगळं ‘इतर उत्पन्न’ या एका ओळीत होतं.

त्या ओळीची फोड मागणारा अर्ज आता तयार आहे. कन्नडमध्ये आणि मराठीत, दोन्ही. आजवर एकशे बारा सभासदांनी सह्या केल्या आहेत, त्यात चाळीसेक कन्नड गावांतले आहेत. हंगाम संपायच्या आत सह्या तीनशेवर न्यायच्या, असं ठरलं आहे. उद्या संध्याकाळी कोगनोळीच्या पलीकडच्या दोन वाड्यांवर जायचं आहे, ट्रॅक्टर रस्त्यावर यायच्या आत.